अकरा मिनिटं

सूर्य बुडाला तशी नलिनीबाईंनी घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली. सहा सेहेचाळीस. कोहिनूर गावच्या शाळेच्या पटांगणात अख्खं गाव जमलं होतं आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. डोक्यावर ढगाचा एकच पातळ पट्टा पसरलेला, आता तांबूस झालेला.

"आपला सूर्य बुडाला, पण ढगाला तो अजून दिसतोय," बाई म्हणाल्या. "ढग जितका उंच, तितका उशिरा विझतो. आठ मिनिटांच्या आत विझला, तर विमान तिथवर पोचेल."

कोरडं जाणारं हे दुसरं साल. सरकारचं विमान ढगात मीठ फवारून पाऊस पाडणार होतं, पण ढग त्याच्या टप्प्यातला हवा. उंची मोजायचं यंत्र काही आलं नव्हतं. इथल्या विज्ञानाच्या बाई नुसत्या घड्याळावर ढग मोजतात, असं कुणीतरी या कामावरच्या पांडुरंगराव साहेबांच्या कानावर घातलं, म्हणून ते गुलबर्ग्याहून जीप घेऊन आले होते. नऊ वर्षं बाई मोजत होत्या. नऊ वर्षांत ती वही कुणी मागितली नव्हती. आज त्यांनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं.

चार मिनिटं झाली. पट्टा तांबडालाल झाला.

"अजून जळायलाय की," अंकुशराव पुटपुटले. गावात त्यांच्याच विहिरीला शेवटचं पाणी होतं आणि तेही गेल्या आठवड्यात आटलं होतं. शेजारी त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, हात जोडले होते. ढगानं विझावं म्हणून गाव देवाला विनवत होतं.

सहा. सात. आठ झाली तरी बाई ढगाकडेच बघत होत्या. कडेनं लाली ओसरत गेली, मधोमध एक रेघ राहिली, मग तीही राखेसारखी झाली.

साहेब जवळ आले. "किती?"

"अकरा."

त्यांनी खिशातून कागद काढला आणि आवाज खाली आणला. "बाई, सात लिहा."

"सात नाही झाली."

"पाऊस पडणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण विमान उडतं तिथं मंत्री बघायला येतात. मंत्री येतात तिथं बोअर पाडायची गाडी येते. वर्षभर हेच बघतोय मी."

"मग माझी वही कशाला हवी होती?"

"कागदावर कुणातरी जाणत्याची सही लागते."

 बाईंना वाटलं होतं, हा माणूस वही चाळेल, एखादा प्रश्न विचारेल. त्यानं ती उघडलीही नव्हती. त्यांनी कागदावर अकरा लिहून सही केली. तेवढ्यानं भागलं नाही. गावाकडे वळून, वर्गात सांगतात तशा स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "अकरा मिनिटं झाली. हा ढग वीस हजार फुटांच्या वर आहे. विमान पोचणार नाही. आणि पोचलं तरी यात पाणी नाही."

जीप निघून गेली. माणसं पांगली. अंकुशराव मात्र तिथंच उभे होते. साहेबांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"बाई, आमच्यापशी कुटं घड्याळ हाय," ते म्हणाले. "तुमी सात म्हनला असता, तर आमी सातच धरलं असतं. कामून केलंत असं?"

बाईंनी वही मिटली. 

दोन कोसांवरच्या गावात कुणीतरी आकाशाकडे न बघताच सहाचा आकडा लिहून दिला. विमान तिथं तीनदा घिरट्या घालून गेलं. थेंब पडला नाही. मंत्री आले, हार झाले, आणि बोअरची गाडी पाच दिवस राहिली.

आता कोहिनूरच्या बाया पहाटेच घागरी घेऊन तिकडच्या नव्या बोअरवर जात. नलिनीबाईंच्या वर्गातल्या मुलीही जात. सातवीत तिघीच बसत. बाईंना एकटीला दोन कोस जमेना. न सांगता, न बोलता सत्यभामाबाई रोज एक घागर त्यांच्या उंबऱ्यापाशी ठेवून जायच्या. बाई आतून आवाज ऐकायच्या आणि पावलं लांब गेल्यावर दार उघडायच्या.

एक दिवस त्या आधीच दारात उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "किती फुटांवर लागलं हो पाणी?"

सत्यभामाबाईंनी घागर टेकवली. पदरानं मानेचा घाम पुसला.

"त्ये कुनी मोजलंच न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तसंच लागलं."