हळदीचा दोरा

गंगी दारात उभी राहिली आणि इंदुताईंचं पहिलं लक्ष गेलं ते तिच्या दंडांकडे. दोन्ही दंड मोकळे. कोपरापासून खांद्यापर्यंतचा तो पांढरा चुडा गायब.

"अगं बाई! उतरवलास?" इंदुताई जवळजवळ ओरडल्याच. "बघा गं, ही तांड्यावरची बाई रूढी मोडून आली! वाजवा टाळ्या!"

अकरा बायांनी टाळ्या वाजवल्या. बेबीताईच्या टाळ्या मात्र मध्येच थांबल्या. तिच्या वावरात तांड्यावरच्या बाया कापूस वेचायला येत.

बाभुळगावच्या व्यायामशाळेत दुपारची दोन ते चार ही वेळ बायांची. चीनच्या लढाईनंतर गावात जो हुरूप आला, त्या हुरुपात शाळेत कसरत शिकवणाऱ्या इंदुताईंनी भांडून ती मिळवली होती. तुळईला दोरांनी टांगलेल्या दोन लाकडी कड्या. स्टुलावर चढायचं, कड्या धरायच्या, हात ताठ करून सगळं अंग त्यांवर तोलायचं. पाच आकड्यांच्या पुढे एकही बाई टिकत नव्हती. व्यायामशाळेचे भगवानराव हसत म्हणाले होते, "चैताच्या पुनवेपर्यंत एक तरी बाई वीस आकडे टिकवून दाखवा ताई, नाही तं ही वेळ पोट्ट्यायले द्या." पुनव आठ दिवसांवर आली होती. आणि वीस आकडे टिकेल अशी एकच बाई इंदुताईंच्या नजरेत होती. डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन तीन कोस चालत येणारी गंगी.

हिवाळ्यात ती आपणहून तीनदा आली होती. तिन्ही वेळा इंदुताईंनी तिला परत पाठवलं. दोर दंडाला घासतो, चुडा फुटून मांसात घुसायचा. "काय हे ओझं वागवतेस गं? काढून टाक आणि ये," असं दोनदा हसत म्हणाल्या. तिसऱ्यांदा जरा तोडूनच.

बांगड्या बाकीच्याही काढत, पण त्यांची सोय होती. सवाष्णीचा हात ओका नको, म्हणून दाराशी एक पितळी ताट असे. बांगड्या ताटात, आणि मनगटाला हळदीत भिजवलेला दोरा. युक्ती इंदुताईंचीच. गावातल्या सासवा गप्प बसल्या त्या दोऱ्यामुळे. इंदुताईंच्या स्वतःच्या हिरव्या बांगड्याही रोज त्याच ताटात पडत.

"ये, हात पुढे कर," म्हणत त्यांनी दोऱ्याची गुंडी उचलली.

गंगीनं हात मागे घेतला. "मले नाई लागत, बाई."

"लाजतेस काय? सगळ्याच बांधतात."

"ताई," बेबीताई हळूच म्हणाली, "राहू द्या न."

"कशाला राहू द्या? चांगली सवाष्ण बाई..."

आणि मग त्यांनी ते दंड नीट पाहिले. चुड्याखालची कातडी पांढुरकी पडलेली. तिच्यावर ओरखड्यांचे वण. असा चुडा कोणी हौसेनं उतरवत नाही.

"कधी?" इंदुताईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"माघात. बैल बिथरला, गाडी उलथली." गंगी सरळ सांगत होती, रडणं संपलेल्या आवाजात. "सासू बोलत नाई माह्यासंग. म्हणते, त्या बाईनं चुडा काढ म्हणलं, अन् माहा पोरगा गेला. म्या तिले म्हणलं, नाई याडी, बाई चांगली हाये. तिले ठावं नव्हतं."

ठावं कसं नव्हतं? सगळा जन्म याच मुलखात गेला. तांड्यावरच्या बाईचा चुडा नवरा गेल्यावरच उतरतो, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. ठाऊक होतं, पण दुसऱ्याची रूढी मोडायच्या भरात ते मनावरच घेतलं नव्हतं. आपल्या बायांसाठी हळद भिजवून ठेवली, हिच्यासाठी जुन्या लुगड्याच्या दोन चिंध्या सुचल्या नाहीत. चुड्यावरून गुंडाळल्या असत्या तर भागलं असतं. एवढंसं तर काम! इंदुताईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"नको गंगी. आज राहू दे."

"आता काहून?" गंगीनं विचारलं. "आता तं अडवाले काई राह्यलं नाई."

ती स्टुलावर चढली. कड्या धरल्या, हात ताठ केले, पाय उचलले. बेबीताईनं स्टूल बाजूला ओढलं. बाया मोजू लागल्या. पाच झाले. दहा झाले. दोर दंडावरच्या त्या पांढुरक्या पट्ट्यांवर घासत होते आणि गंगी समोरच्या भिंतीकडे बघत होती. वीस झाले, तरी कोणी टाळी वाजवली नाही. तिसाला बायांनी मोजणं सोडलं. चार महिने इंदुताईंनी याच गोष्टीचा ध्यास घेतला होता, आणि आता त्या मनात म्हणत होत्या, उतर गं माये, उतर.

चार वाजले. बायांनी दोरे सोडले, आपापल्या बांगड्या भरल्या, आणि एरवीसारखा गलका न करता निघून गेल्या. इंदुताई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. मनगटावरचा दोरा त्यांच्यानं सोडवेना.

"बाई," मागून गंगीचा आवाज आला. ती ताटापासून दोन हात लांब, भिंतीला चिकटून उभी होती. "तुमच्या बांगड्या राह्यल्या. म्या हात नाई लावत त्याईले. तुमीच घ्या."