पंखात काय वाजतं

पंख पुन्हा वाजला.

नत्थुजींनी डाव्या पंखाचं टोक हळूच वर उचललं. आतून काहीतरी सरसरत मुळाकडे गेलं. टोक खाली आणलं, तर तेच सरसरत परत आलं.

"रिवेट सुटलं," ते म्हणाले.

"एक रिवेट ऐसा नहीं बजता, नत्थुभाऊ," अब्दुल गफ्फार म्हणाले. "ये तो पूरी बारात है."

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन नत्थुजींना सात वर्षं झाली होती. त्यातली सहा या विमानात गेली. सुटे भाग लाकडी खोक्यांतून आले आणि अकोल्यातल्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान उभं राहिलं. वेल्डिंग गफ्फारभाईंचं, बाकी सगळं नत्थुजींचं. उद्या सकाळी दहाला ते तपासायला विमान खात्याचे साहेब येणार होते. आत सुटी वस्तू वाजत असली तर कोणताच साहेब विमान पास करत नाही. पुढची तारीख मिळायला सहा-आठ महिने. विमान चालवायला लागणारा नत्थुजींच्या तब्येतीचा दाखला दोनच महिने पुरणार होता, आणि डॉक्टरांनी तोही कुरकुरतच दिला होता.

म्हणजे पंखावरचं कापड फाडायचं. आत्ताच.

त्यांनी ब्लेड घेतलं आणि बायकोकडे पाहिलं. कौशल्याबाई दाराशी स्टुलावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. विमानाला त्या पहिल्या दिवसापासून 'माही सवत' म्हणत. डावी खुर्ची चालवणाऱ्याची, उजवी तुझी, असं नत्थुजींनी दाखवलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "तिच्यावर भाजीची थैली ठेवजा. मी काई येत नाही." पण पंखांवर कापड चढवायची वेळ आली आणि नवऱ्याचे टाके पाहून त्यांना राहवलं नाही. "सरका तिकडं. हे गोधडीचं काम हाय." दोन्ही पंख त्यांनी शिवले. गेल्या आठवड्यात टोकं बंद केली तीही त्यांनीच, नत्थुजी चहाला गेले असताना.

नत्थुजींना आता नेमकं तेच आठवलं.

"कौशल्या, तू आत काही टाकलं का?"

त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"विमान उडू द्याचं नव्हतं, तं तोंडानं सांगाचं होतं!"

सहा वर्षांत ते तिथं एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. पत्र्याखालचे पारवे फडफडून उडाले.

ब्लेड कापडात शिरलं. बोटभर चीर पडली. त्यांनी खाली ओंजळ धरली, गफ्फारभाईंनी पंख कलता केला.

ओंजळीत ज्वारी पडली.

गफ्फारभाईंनी एक दाणा उचलून दाताखाली धरून पाहिला. "ज्वारीच हाय," ते म्हणाले.

"गोधडीचा शेवटचा टाका घालाच्या आंधी तिच्यात घास टाका लागते," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमची माय टाकत जाय. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याले धार्जिणी नसते. अन् तुमाले तं तिथं वर त्या कापडाचाच आधार."

नत्थुजींमधला मेकॅनिक जागा झाला.

"अवं, पण एकाच पंखात? विमान कलंडन ना!"

"तेवढं समजते मले. दोन्हीत टाकली. सारखी, मुठीनं मोजून."

गफ्फारभाईंनी जाऊन उजव्या पंखाचं टोक उचललं. तोही वाजला.

त्यालाही चीर द्यावी लागली. तिथली ज्वारी गफ्फारभाईंनी एका वाटीत धरली. कौशल्याबाईंनी डबा बाजूला ठेवला, पिशवीतून सुईदोरा काढला आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करू लागल्या.

"सुटे दाणे नाही चालत, कौशल्या," नत्थुजी हळू आवाजात म्हणाले. "पुरचुंडी बांधू. आतून पक्की शिवून टाक." आणि त्यांनी आपली ओंजळ त्या वाटीत रिकामी करायला हात पुढे केले.

"अवो, मिसळू नका!" कौशल्याबाई ओरडल्या. "डाव्यातला घास तुमचा हाय. उजव्यातला माहा."