बिनतारी उखाणा

मुलानं न विचारता केलेली जयपुरी सून तिकडच्या सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचे बिनतारी सेन्सर टेबलावर मांडून बसली होती. उद्याच्या हळदीकुंकवात ती उखाण्यात अडखळणार, बायका हसणार, याची इंदुबाई मनातून वाट पाहत होत्या. “तारेवाचून हा बोलतो कसा?” त्यांनी उगाच विचारलं. “हाक मारतो, माँजी. पण गुप्त शब्द बरोबर सांगितला तरच कारखान्यातला मोठा रेडिओ त्याला आत घेतो.” “म्हणजे उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावता. नाही आलं तर?” “बाहेरच राहतो. मतलब, बॅटरी संपेपर्यंत हाका मारत.” “मेल्याला तो शब्द शिकवतं कोण?” “आधी तार जोडून आपणच शिकवायचा,” म्हणत सुनेनं लॅपटॉपची वायर खोचली. इंदुबाईंनी खुर्ची ओढली. “ठेव ते. उखाणा शिकवते, पाठ कर. माझ्या सुनेला हसायचं तर मी हसेन. त्या बायका कोण लागून गेल्या?”