उघडी राहिलेली फाइल

हॉस्पिटलची साइट चालू असतानाच कस्तुरीला डेटाबेसची जुनी फाइल काढून नवी बसवायची होती, पण सर्व्हर काही दाद देईना. ‘फाइल कोणीतरी उघडली आहे, बदलता येणार नाही,’ एवढंच सांगत राहिला. कोणीतरी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा यतीन. फाइल उघडी टाकून स्वारी पोहे-जिलेबी खायला गेलेली! कस्तुरीनं त्याला फोनवरच फैलावर घेतलं आणि तो येईपर्यंत नवी फाइल सहज चाळून पाहिली. फाइल कालची होती. आज सकाळपासून पेशंटांनी साइटवर डायलिसिससाठी लावलेले नंबर तिच्यात नव्हतेच. ही बसली असती, तर ते सगळे पुसले गेले असते.

यतीन धापा टाकत आला. “सॉरी कस्तुरीजी, गलती हो गई. आईनं सकाळी सांवेरच्या घरून नंबर लावला होता, तो लागला का बघत होतो. फाइल बंद करायची राहूनच गेली.”

कस्तुरीनं हळूच डोळे पुसले.

“आईंना माझा नमस्कार सांग,” ती म्हणाली. “आज त्यांच्यामुळे सगळ्यांचे नंबर वाचले.”