येतो म्हणावं

मुश्ताकची लाँच जहाजाला लागली, तेव्हा राजाभाऊंच्या शेजारी ठेवलेली मोठी बॅग सिद्धांतला वरूनच दिसली.

"निघालात काका?"

"आधी वर तर येऊ दे." राजाभाऊंनी बॅग दोरीला बांधली. "ओढ. खाली भिजेल. माझी सगळी इस्टेट आहे त्यात."

बटाट्याचं पोतं वर गेलं, बॅग गेली. मग एका हातात डबा घेऊन राजाभाऊ गुडघ्याला शिव्या देत शिडी चढले.

अमिरातीतलं फुजैराचं बंदर म्हणजे समुद्रातला पेट्रोल पंप. जहाजं येत, तेल भरत, पाणी नि कांदे घेत आणि पुढे निघून जात. सिद्धांतचं जहाज तेवढं जागचं हलत नव्हतं. मंदीत त्याचा मालक बुडाला, फोन उचलेनासा झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. बाकीचे खलाशी एकेक करून घरी गेले. पण जहाज बेवारस सोडता येत नव्हतं. सर्टिफिकेटवाला एक तरी माणूस वर हवाच, आणि तो एक म्हणजे चिपळूणचा सिद्धांत. बदलीचा माणूस दोनदा ठरला आणि दोन्ही वेळा फिरकलाच नाही. आजूबाजूला तेलाचा महापूर, आणि ह्याचा जनरेटर डिझेल नाही म्हणून दिवसाला तासभर चाले.

राजाभाऊ जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत होते. त्याआधी अर्धी हयात बोटीवर गेलेली. एकदा रेडिओवर कोणीतरी अस्सल मराठीत मालकाचा उद्धार करताना त्यांनी ऐकलं, आणि पुढच्याच शुक्रवारी ते डबा घेऊन हजर झाले. तेव्हापासून एक शुक्रवार चुकला नव्हता.

त्या पहिल्या भेटीत सिद्धांतनं विचारलं होतं, "जाता का काका?" राजाभाऊ चिडलेच होते. "जाता काय रे? येतो म्हणावं!" मग दर वेळी शिडीवर पाय ठेवताना ते ठासून म्हणत, "येतो." तेवढ्या एका शब्दावर पोराचा पुढचा आठवडा निघे.

आज डबा उघडला तर भाजी खारट होती.

"काकू?"

"विभावरीला पुण्याला पाठवलं. कंपनीनं मला नोकरीतून खलास केलं, कळलं असेल तुला. आता स्वयंपाक माझ्या हातचा. खा मुकाट्यानं."

"मग आता तुम्हीपण पुण्याला?"

"नाही रे. नोकरी मिळाली. परत बोटीवर."

"या वयात?"

"सर्टिफिकेटं रिन्यू केली, मेडिकल दिलं. डॉक्टर म्हणाला, गुडघा सोडला तर फिट आहात."

"कुठलं जहाज?"

"आहे एक लहानसं. फारशी दगदग नाही. आजच जॉइन व्हायचंय." राजाभाऊंनी पाण्याचा घोट घेतला. "तेव्हा ही माझी शेवटची फेरी."

"काँग्रॅट्स, काका," सिद्धांत म्हणाला आणि मान खाली घालून भात कालवत राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. आणि त्या रागाची लाजही वाटली.

"मैथिली काय म्हणते?"

"तुळशीचं लग्न झालं की आमचा मुहूर्त. तिसरा. तिचे बाबा म्हणाले, आता पोस्टपोन होणार नाही. एक इंजिनिअर बघून ठेवलाय त्यांनी. जमिनीवरचा."

राजाभाऊंना हसू आलं, ते त्यांनी भाताच्या घासाबरोबर गिळलं. "चल," हात धुऊन ते म्हणाले, "तुझी बोट नीट दाखव एकदा. इतके शुक्रवार आलो, ह्या डेकच्या पुढे गेलो नाही."

जुना खलाशी, त्याला राहवणार थोडंच! सिद्धांतनं दाखवली. जनरेटरचा कुठला खटका अडकतो, प्यायच्या पाण्याचे ड्रम कुठे, रात्रीचा दिवा कुठल्या बॅटरीवर चालतो. राजाभाऊ प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होते. सिद्धांतचं उत्तरांत लक्ष नव्हतं. पुढच्या शुक्रवारी कुणीच येणार नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

केबिनच्या भिंतीवर मैथिलीचा फोटो होता.

"उन्हानं पिवळा पडतोय," राजाभाऊ म्हणाले. "खिशात ठेव."

सिद्धांतनं फोटो काढून खिशात घातला.

खालून मुश्ताकची हाक आली. "यल्ला, चला राजाभाऊ! वारा वाढतोय."

दोघे कठड्यापाशी आले. "कांद्याचं पोतं खालीच राहिलं बघ," राजाभाऊ म्हणाले. "मुश्ताकचा हात लचकलाय, त्याला गाठ मारता येणार नाही. तू उतर, बांध. मी वरून दोरी धरतो."

सिद्धांत शिडीवर वळला आणि क्षणभर थांबला. राजाभाऊ आज 'येतो' म्हणतात का, ते त्याला ऐकायचं होतं. ते म्हणाले नाहीत. खोटं कशाला बोलतील, त्याला वाटलं. परत यायचंच नाही, तर येतो कसं म्हणणार? डोळ्यांत पाणी आलं तसाच तो उतरला.

लाँचमध्ये पोतं नव्हतं. दुखऱ्या हाताच्या मुश्ताकनं झटक्यात दोर सोडला आणि लाईफ जॅकेट त्याच्या अंगावर फेकलं.

"पहन ले. पासपोर्ट एजंटकडे आहे, जेट्टीवर. उभा राहतोय तुझ्यासाठी."

इंजिन घरघरलं. सिद्धांतनं वर पाहिलं. राजाभाऊ, गुडघा वाकवत, शिडी वर ओढून घेत होते.

"काका!" तो ओरडला. "मी... जातो?"

"जातो काय रे?" वरून राजाभाऊ खेकसले. "येतो म्हणावं!"