शिवशंकरचं तोंड

पडदा सरकला आणि टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. चित्रात शिवशंकर नव्हताच. काळे, मातकट, लाल फराटे होते आणि मधोमध एक कोरी पांढरी जागा.

"हे काय हाय?" सरपंच दत्तराव कडाडले. "फोटो दिला व्हता की तुला! बघून काढायला काय झालं?"

"हात चालंना, सरपंच," सिद्धोधन म्हणाला.

शहीद शिवशंकर हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सैन्यातही दोघं एकाच तुकडीत. तिथं सिद्धोधन फावल्या वेळात जवानांचे चेहरे काढायचा. इतके हुबेहूब, की जवान ते कौतुकानं घरी पाठवायचे. मग लढाई झाली. शिवशंकर गेला तेव्हा सिद्धोधनच त्याच्याजवळ होता. स्वतः जखमी होऊन तो वालूरला परतला आणि नुसते रंग फासत बसू लागला. पोरगं कामातून गेलं, असं गाव म्हणायचं.

"याला अमूर्त चित्र म्हणतात," परभणीहून आलेल्या पाहुण्यांनी सांगून पाहिलं. पण आता सगळ्यांनाच चित्रकला कळायला लागली होती. कुणी म्हणालं, डबा सांडला असेल. एकानं तर मान वाकडी करून चित्र उलटं टांगलंय का तेही बघितलं. लोक हसले. शहिदाच्या कार्यक्रमात हसले, आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

शिवशंकरची आई कासाबाई शेरडं शेजारणीवर सोपवून सकाळपासून येऊन बसली होती. लेकाची पेटी आली तेव्हा ती कुणी उघडू दिली नव्हती. कासाबाई पाया पडली, तरी नाही. "मला एकदा त्याचं तोंड बघायचं हाय," एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि सिद्धोधननं ते कबूल केलं होतं. आता तिच्याकडं बघायची त्याची छाती होईना.

दत्तराव तणतणत पडदा ओढायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या, सरपंच," कासाबाई उठली.

ती चित्रापुढं उभी राहिली. लाल फराट्यांवरून तिची नजर पांढऱ्या जागेवर आली आणि तिथंच थांबली.

"माफ कर, मावशी," सिद्धोधन पुटपुटला. "लय करून बघितलं. तोंड काढताच येईना."

कासाबाई त्याच्याकडं वळली.

"सिद्धोधना, तू तर मला म्हणला व्हता, तोंडाला साधं खरचटलं बी न्हाई."