चौथं ऑइल

तळाचा बोल्ट सुटला आणि ऑइल घमेल्यात उतरलं. आत्ताच डब्यातून ओतल्यासारखं स्वच्छ. मिस्त्रीनं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं. नावं ठेवायला जागा नव्हती. असं ऑइल फेकायला सांगणारा माणूस एक तर खुळा असतो, नाहीतर पैसा उतू गेलेला. हा दोन्हींत बसत नव्हता.

तो पिवळ्या पट्ट्याबाहेर उभा होता. गिऱ्हाइकांनी पट्टा ओलांडू नये, ही पाटी मिस्त्रीनं पंधरा वर्षांपूर्वी लावली होती, आणि ती पाळणारा आजवर हा एकटाच निघाला. भर दुपारचं ऊन थेट डोक्यावर होतं. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

गाडी चार महिन्यांची, पाचशे घोड्यांच्या ताकदीची. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल बदलावं, पुढचं थेट दहा हजारांवर. आणि पहिलं ऑइल होईपर्यंत इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला चार हजारांपुढे नेऊ नये, असं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. लोक ते पुस्तक कप्प्यात कोंबतात आणि दुसऱ्याच दिवशी सिग्नलला डरकाळी फोडतात. हा मात्र बरोबर हजारावर आला. मग दोन हजारांवर, तीन हजारांवर, आणि आज चार. एक किलोमीटर कमी नाही की जास्त नाही. मिस्त्रीच्या बायकोनं त्याचं नाव बिनचूकराव ठेवून टाकलं होतं.

ती सुट्या भागांच्या टेबलामागून उठून आली, तेव्हा मिस्त्री ग्राइंडरखाली साचलेला लोखंडाचा कीस चिमटीत घेत होता. बोल्टच्या टोकाला इंजिनातला चुरा धरून ठेवणारं लोहचुंबक होतं. त्यानं कीस त्यावर भुरभुरवला. केसांसारखा ताठ उभा राहिला.

"अहो, हे काय?"

"हळू बोल."

"इंजिनात कीस निघत नाही म्हणून घरचा घालताय?" ती कुजबुजली. "पंचेचाळीस वर्षांत कुणाला साध्या वायसरपुरतंही फसवलं नाहीत, आणि आता या गरीब गाईच्या गळ्यात चौथं ऑइल मारताय?"

"पहिल्या वेळी मी नेहमीसारखं बोलून गेलो," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "ऑइल झालं की पाय मोकळा सोडा, साहेब. तर विचारतो कसा, खाणीच्या रस्त्याला किती वेग धरेल?"

बंद खाणीचा रस्ता बायकोनं पाहिला होता. दीड किलोमीटर सरळ, ना फाटा ना वळण, आणि शेवटाला ट्रक अडवायला बांधलेली हातभर जाडीची काँक्रीटची भिंत.

"इंजिनचं सगळं खोदून विचारलं. मधेच दम तोडणार नाही ना, भिंतीपर्यंत वेग टिकेल ना. ब्रेकचं एक अक्षर नाही. म्हटलं, थांबा, बोल्ट बघतो. मग म्हटलं, कीस दिसतोय साहेब, इंजिन रुळलं नाही अजून. आणखी हजार किलोमीटर सांभाळून चालवा. 'बरं' म्हणाला, आणि गेला की साठच्या वेगानं."

"अहो, मग बोलायचं ना त्याच्याशी! घरी कुणी असेल, त्यांना कळवायचं."

"घरी कुणी नाही म्हणाला. गाडीचा नंबर सांगावा तसं. दुसऱ्या वेळी हात धरून बोलायला गेलो, तर म्हणतो, इंजिन रुळेपर्यंत तो विषय नको, मिस्त्री."

तिनं पट्ट्याकडे पाहिलं. तो यांच्याकडेच बघत होता, पापणी न हलवता.

मिस्त्रीनं बोल्ट त्याच्यासमोर नेऊन धरला. "बघा, साहेब."

त्यानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अजून?"

"अजून. हट्टी असतात काही काही इंजिनं. हजार किलोमीटर सांभाळा आणखी."

"आणि आवाजही येतोय हं," मागून बायको घाईघाईनं म्हणाली. "मघापासून ऐकतेय मी."

गाडी बंद होती. लिफ्टवर टांगलेली होती.

"हो का," तो म्हणाला. "मलाही वाटलं."

नवं ऑइल भरलं, बोल्ट पुसून घट्ट बसवला. गाडी खाली आली. मिस्त्रीनं ती सुरू करून बॉनेटवर तळवा ठेवला. कसला कीस आणि कसला आवाज! इंजिन केव्हाच रुळलं होतं. साखळी सुटायची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं हाताखाली थरथरत होतं. त्यानं हात काढून घेतला.

साहेब आत बसला. सीटचा पट्टा लावला, आरसा नीट केला, मागचं-पुढचं पाहिलं. मग काच खाली केली.

"मिस्त्री, तुमचं वय काय हो?"

"एकसष्ट," मिस्त्री म्हणाला. त्यानं वयातली सरळ दहा वर्षं खाल्ली होती. एरवी त्याच्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवणारी बायको मागे उभी होती. ती हूं की चूं बोलली नाही.

साहेबाचे ओठ हलले. महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार, मिस्त्रीची आणखी वीसेक वर्षं, असं काहीतरी तो पुटपुटत होता. आकडा जमला असावा. त्यानं मान वर केली.

"तब्येतीला जपा," तो म्हणाला, आणि काच वर गेली.